अकरा दिवसांचा घोळ

वसई म्हटली की वाचकांच्या डोळ्यांपुढे चिमाजी अप्पा उभे राहतात, किल्ल्याचे पडके बुरूज आणि सुकेळी उभी राहतात. मी सांगणार आहे ती हकिकत मात्र किल्ल्याकडची नव्हे, स्टेशनाच्या पूर्वेची आहे. तुंगारेश्वराच्या डोंगराकडे जाताना गोखिवरे लागते. एके काळच्या भातखाचरांच्या गावात कारखान्यांच्या गाळ्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि त्या गाळेवाल्यांचे पगारपत्रक संगणकावर बसवून देणे हा माझा पोटापाण्याचा धंदा झाला.

हा धंदा ज्याच्यामुळे शक्य झाला तो माणूस वेन रॅटलिफ. अमेरिकेत अवकाशयाने बनवणाऱ्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत तो कामाला होता. फुटबॉलच्या पैजा जिंकण्यासाठी आकडेवारी हाताशी असावी म्हणून त्याने घरच्या छोट्या यंत्रासाठी एक प्रोग्राम लिहिला. तोच पुढे ॲश्टन-टेट कंपनीने ‘डीबेस टू’ ह्या नावाने विकला. गंमत अशी, की ‘डीबेस वन’ कधी नव्हताच आणि कंपनीत ॲश्टन नावाचाही कोणी नव्हता! पण ह्या पैजेच्या हिशेबातून जगभरच्या पेढ्यांच्या टेबलांवर डेटाबेस आला. मागून फॉक्सप्रो आला, १९९२ त ॲक्सेस आला, आणि १९९८ च्या व्हिज्युअल बेसिकने माझ्यासारख्याचा हात चांगलाच सैल केला.

प्रोग्राम लिहिणे हे एक काम आणि तो दुसऱ्याच्या यंत्रावर नेऊन बसवणे हे अगदी निराळे. घरी गुणी असलेले मूल पाहुण्यांकडे गेले की भोकाड पसरते, तसेच हे. एखादी फाइल बरोबर न्यायची राहून गेली, की यंत्र पडद्यावर ‘रनटाइम एरर’ आणि एक आकडा दाखवून मख्ख बसते. त्याचा राग येतो खरा, पण हा दोष प्रामाणिक म्हणायचा. तो निदान ओरडतो. मला गाठ पडली ती न ओरडणाऱ्या दोषाशी.

साल २०००. वर्षाचे दोनच आकडे लिहिण्याच्या जुन्या काटकसरीमुळे एक जानेवारीला यंत्रे १९०० सालात जातील, ही धास्ती नुकतीच ओसरली होती. सारे जग वर्षाकडे डोळे लावून बसले होते. दिवस आणि महिन्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. माझेही नव्हते.

दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस होती. एका गाळ्यात मी बोनसचे पत्रक काढून दिले आणि दुसऱ्याच दिवशी मालकांचा निरोप आला. जाऊन पाहतो तो दाराशी एक पन्नाशीचे कामगार उभे. परळची गिरणी सुटल्यावर इथे मशीनवर लागलेले.

“साहेब, माझ्या मागून आलेल्या पोराला बोनस आहे, मला नाही. मी काही चुकलो का?”

१९६५ च्या बोनस कायद्याप्रमाणे तेव्हा हिशेबाच्या वर्षात निदान तीस दिवस काम झालेले असावे लागे. हे काका ३ फेब्रुवारीला लागलेले, तो मुलगा १४ फेब्रुवारीला. वर्ष संपते ३१ मार्चला. दोघेही सहज बसत होते. पडद्यावर तारीखही बरोबर, ३/२/२०००. यंत्र मात्र काकांना नाही म्हणत होते. मालक म्हणाले, “संगणक कसा चुकेल हो?” काकांनी मान खाली घातली. ती मला अजून दिसते.

रात्री घरी तेच पत्रक माझ्या यंत्रावर चालवले, तर बोनस हजर! म्हणजे दोष हिशेबात नव्हता, दोन यंत्रांमधल्या फरकात होता. सकाळी पुन्हा गोखिवरे. ह्या वेळी एकेक कामगार घेतला आणि प्रोग्रामने मोजलेले दिवस कागदावर मांडले. काकांच्या नावापुढे तीसही भरत नव्हते. उलटे मोजले, तेव्हा उजेड पडला. यंत्राने ३/२ चे २ मार्च केले होते!

माझ्या घरच्या यंत्रात मी ‘आधी दिवस, मग महिना’ असे बसवून घेतले होते. गाळ्यातले नवे यंत्र अमेरिकेच्या रीतीचे, आधी महिना मानणारे. आणि मी शहाण्याने तारखा तारखेच्या रकान्यात न ठेवता साध्या अक्षरांच्या रकान्यात ठेवल्या होत्या. पडद्यावर त्या जशाच्या तशा दिसत, हिशेबाच्या वेळी मात्र यंत्र आपल्या चालीने त्यांचा अर्थ लावी. चौदावा महिना जगात नसल्यामुळे १४/२ पुढे ते निमूटपणे दिवस-महिना ओळखी. म्हणून मुलगा तरला आणि काका बुडाले. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच हा खड्डा होता.

वसईला हा घोळ नवा नाही. १६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी मराठ्यांपुढे हार मानली, पण शेजारच्या मुंबईत इंग्रजांच्या दप्तरी त्या दिवशी ५ मे होता. पोर्तुगीजांनी पोप ग्रेगरीचे पंचांग १५८२ सालीच घेतले होते. इंग्रज १७५२ पर्यंत जुनेच धरून होते. खाडीच्या अलीकडे-पलीकडे अकरा दिवसांचे अंतर! जुनी कागदपत्रे चाळणाऱ्याला तारीख कोणाच्या घरची, हे आधी विचारावे लागते. मी ते यंत्राला विचारले नव्हते. १९८८ त आय. एस. ओ. ने आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, असा क्रम ठरवून दिला होता. तोही मला ठाऊक नव्हता असे नाही.

त्या दुपारी रकाना बदलला. दिवस आणि वर्ष यांना वेगळे चौकोन केले, महिना नावाने निवडायची सोय केली आणि सगळ्या तारखा कागदी हजेरीबुकाशी ताडून पाहिल्या. काकांबरोबर आणखी दोघांचे हिशेब सुधारले. पूर्वी बसवून दिलेल्या गाळ्यांतही सायकल मारीत गेलो, न बोलावता. एका ठिकाणी तोच खड्डा सापडला.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मालकांनी पाकिटे वाटली. काकांचे पाकीट सव्वातीनशेच्या आतबाहेर. त्यांनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि मला म्हणाले, “साहेब, पत्रकावर फेब्रुवारी अक्षरात लिहिलंय ना आता?”

मी पत्रक पुढे केले. त्यांनी बोट ठेवून वाचले.