अंड्यातले पाणी

मागच्या एप्रिलात एका खेड्यातल्या शाळेत गेलो होतो. मुलांनी लाकडी पेटीत विजेचे दिवे लावून चाळीस अंडी उबवायला ठेवली होती. एकविसावा दिवस उलटला तरी बाहेर आली ती नऊच पिले. बाकीची अंडी फोडून पाहिली, तर बहुतेकांत पुरती वाढलेली, पिसे आलेली पिले मेलेली! गुरुजी म्हणाले, "ऊब तर बरोबर होती हो. मग चुकलं कुठं?"

हा प्रश्न फार जुना आहे. कोंबडीवाचून अंडी उबवण्याची विद्या इजिप्तची. तिथे अंडी उकिरड्यात पुरून उबवतात, असे ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवले आहे. त्याच ओघात त्याने सिराक्यूजच्या एका दारुड्याची गोष्टही दिली आहे. हा गृहस्थ चटईखाली अंडी पुरायचा आणि पिले निघेपर्यंत वर बसून पीत राहायचा! खरेखोटे ॲरिस्टॉटल जाणे.

पुढे इजिप्तमध्ये कच्च्या विटांच्या मोठ्या भट्ट्या झाल्या. मधे बोळ, दोन्ही बाजूंना दुमजली खोल्या. खाली हजारो अंडी आणि वर शेण व काडाचा धिमा विस्तव. उष्णतामापक नव्हता. कारागीर अंडे पापणीला लावून ऊब ओळखायचा. करारही पक्का असे : तीन अंड्यांमागे दोन पिले द्यायची, वरची त्याची. देश कोरडा, तरी हे साधे कसे? तिथल्या जुन्या धर्तीच्या भट्ट्यांत अंड्यांवर ओले गोणपाट टाकण्याची चाल या शतकातही नोंदली गेली आहे. शिवाय माझा एक तर्क आहे. उबताना प्रत्येक अंड्यातून सहा-सात ग्रॅम पाणी उडते. चार हजार अंड्यांचे ते पंचवीस लिटरांच्या वर जाते. बंद खोलीत एवढी वाफ अंडीच पुरवत असणार. चाळीस अंड्यांच्या पेटीला ही सोय कुठली?

फ्रान्समधल्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाने ही विद्या आपल्या देशात आणायचे मनावर घेतले. १७४९ साली त्याचा ग्रंथ निघाला. उष्णतामापक त्याच्या हातचा, म्हणजे ऊब मोजायची अडचण नव्हती. पण कुजत्या शेणखताच्या उबेवर अंडी ठेवली, तेव्हा खताची दमट वाफ अंड्यांना मारू लागली. शेवटी ती वाफ आत शिरू नये अशी पिंपे त्याला करावी लागली. आमच्या शाळेच्या अगदी उलट दुखणे! हवेतला ओलावा मोजायचे केसाचे यंत्र जिनीव्हाच्या सोस्यूरने १७८३ साली प्रसिद्ध केले. केस ओलाव्याने लांबतो, एवढेच त्याचे मर्म.

आता मूळ गोष्ट. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी उडते आणि बोथट टोकाला हवेची पोकळी वाढत जाते. बाहेर पडण्याआधी पिलू पहिला श्वास घेते तो याच पोकळीत. पाणी कमी उडाले तर पोकळी लहान राहते, पिलू गुदमरते. फार उडाले तर आतला पापुद्रा वाळून पिलाच्या अंगाला चिकटतो आणि त्याला कवचात वळताच येत नाही. साधारणपणे अठरा-एकोणीस दिवसांत अंड्याचे वजन शंभरात बारा-तेरा भाग घटावे. अट्ठावन्न ग्रॅमचे अंडे एक्कावन्नच्या आसपास यावे. चांगल्या काट्यावर हे कोणालाही बघता येते.

लंडनच्या हिअर्सनने १८८१ साली आपोआप ऊब राखणारी पेटी काढली. तीत अंड्यांखाली पाण्याचे ताट असे आणि आत येणारी हवा ओल्या कापडातून येई. इथे एक बारकावा ध्यानात घ्या. ताट खोल असून उपयोग नाही, पसरट हवे. वाफ पाण्याच्या पृष्ठभागावरून निघते. आपल्या चैत्र-वैशाखात ताटात कापड उभे करून ते भिजते ठेवले, तर पृष्ठभाग आणखी वाढतो. दोन उष्णतामापक घ्या आणि एकाच्या फुग्याला ओली वात बांधा. पंखा असलेल्या पेटीत कोरडा साडेसदतीस अंश सेल्सिअस दाखवत असताना ओला एकोणतीसच्या आसपास असावा. शेवटचे तीन दिवस बत्तीसपर्यंत चढवावा, कारण तेव्हा पापुद्रा मऊ राहायला हवा.

त्या शाळेत पाणी होते, नाही असे नाही, एका पेल्यात. आणि पिलांची चोच दिसू लागल्यावर सगळा वर्ग पाळीपाळीने झाकण उघडून बघत होता, हे गुरुजींनी मला निघता निघता सांगितले.