शीतयुद्ध आणि आपली ज्वारी

१ मे १९६० ही तारीख आपल्यापैकी कुणाला सांगावी लागत नाही. त्या दिवशी महाराष्ट्र राज्य झालं. पण त्याच दिवशी, पेशावरहून उडालेलं एक अमेरिकन टेहळणी विमान सोव्हिएत रशियानं स्वेर्दलोव्स्कजवळ पाडलं. यू-२ त्याचं नाव. वैमानिक जिवंत सापडला, अमेरिकेचं खोटं उघडं पडलं आणि महिनाअखेर येण्याआधीच पॅरिसची शिखर परिषद मोडली. आणखी एक गोष्ट. ४ मे रोजी वॉशिंग्टनमध्ये आयसेनहॉवर यांच्याबरोबर एका करारावर आपल्याकडून सही झाली ती स. का. पाटलांची. तेच, संयुक्त महाराष्ट्राला विरोध करणारे. ते तेव्हा केंद्रात अन्नमंत्री होते. करार चार वर्षांचा. एक कोटी साठ लाख टन गहू आणि दहा लाख टन तांदूळ.

एकाच आठवड्यातल्या या तीन गोष्टी आपण तीन वेगवेगळ्या पुस्तकांत वाचतो. महाराष्ट्राच्या पुस्तकात मंगल कलश, जगाच्या पुस्तकात यू-२, आणि गव्हाचा करार बहुधा कुठेच नाही. आजच्या व्याख्यानात त्या एकत्र ठेवून बघायच्या आहेत.

शीतयुद्धाबद्दल एक वाक्य नेहमी सांगितलं जातं : दोन महासत्तांमध्ये पंचेचाळीस वर्षं स्पर्धा चालली, पण युद्ध झालं नाही. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे वाक्याचा कर्ता कोण हे आधी शोधतो. युद्ध कुणात झालं नाही? त्या दोघांत. कोरियात झालं, व्हिएतनाममध्ये झालं, अफगाणिस्तानात झालं. अण्वस्त्रांचं तर्कशास्त्रच असं विचित्र आहे की ते शस्त्र वापरलं नाही तरच उपयोगी पडतं, आणि वापरायची तयारी खरी वाटली तरच न वापरता येतं. १९८६च्या सुमारास जगात सत्तर हजारांच्या आसपास अण्वस्त्रं होती, आणि त्यांतली जवळजवळ सगळी या दोघांची. ती वापरता येत नव्हती म्हणून मग दुसरी साधनं आली : कर्ज, धरणं, पोलाद कारखाने, पुस्तकं. आणि धान्य.

धान्याकडे येण्याआधी १९६२चा ऑक्टोबर बघू. १६ ते २८ ऑक्टोबर, क्यूबाचा पेच. जग अणुयुद्धाच्या इतकं जवळ पुन्हा क्वचितच गेलं असेल. आणि २० ऑक्टोबरला चीननं आपल्यावर हल्ला केला. क्रुश्चेव्हना तेव्हा चीनची साथ हवी होती, म्हणून मॉस्कोच्या 'प्रावदा'नं २५ ऑक्टोबरला चीनच्या बाजूनं लिहिलं. क्यूबाचा पेच सुटला तसा सूरही बदलला. म्हणजे आपली मैत्री किती टिकणार हे कॅरिबियन समुद्रातल्या क्षेपणास्त्रांवर ठरत होतं. १९ नोव्हेंबरला नेहरूंनी केनेडींना पत्रं लिहून हवाई मदत मागितली. अलिप्ततेच्या धोरणाचा तो सगळ्यात अवघड दिवस.

आता याचा आपल्या भागाशी काय संबंध? बघा. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन गेले, त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे आपण ऐकलेलं आहे. पण सह्याद्री गेला तेव्हा मुंबईची खुर्ची रिकामी झाली. तिथे विदर्भातले मारोतराव कन्नमवार बसले. वर्षभरात, नोव्हेंबर १९६३मध्ये, त्यांचं निधन झालं. बाळासाहेब सावंतांचे मधले काही दिवस सोडले, तर त्यानंतर आले ते पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. पुढे १९७७मध्ये हेच नाईक आपल्या वाशिम मतदारसंघातून लोकसभेवर गेले. नाईक कधीच मुख्यमंत्री झाले नसते असं आम्ही म्हणत नाही, इतिहासात असं म्हणता येत नाही. पण डिसेंबर १९६३मध्ये झाले, त्यामागच्या साखळीची एक कडी हिमालयात आहे.

आणि त्यांच्या वाट्याला काय आलं? धान्याचा तुटवडा. १९६५ आणि १९६६, लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला. त्या एका १९६६ सालात देशात सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आलं, बहुतेक अमेरिकेतून, पी. एल. ४८० या कायद्याखाली. पैसे रुपयांत द्यायचे, ही त्यातली सोय. रुपये इतके साठले की १९७४मध्ये अमेरिकेनं १,६६४ कोटींचा एकच धनादेश काढून ते भारताला परत केले.

पण सोय होती तशी दोरीही होती. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी करार वर्षांचे न करता महिन्यांचे करायला सुरुवात केली. शेतीचं धोरण बदला, हा एक आग्रह. त्याला अर्थ होता. दुसरा आग्रह व्हिएतनामबद्दल गप्प बसा, हा. जुलै १९६६मध्ये इंदिरा गांधींनी मॉस्कोत व्हिएतनामवरच्या संयुक्त पत्रकावर सही केली आणि वॉशिंग्टनमध्ये नाराजी झाली. जहाज बंदरात लागायचं आणि धान्य थेट रेशनच्या दुकानात जायचं, कोठारात शिल्लक नाही. अशा वेळी देशानं परराष्ट्र धोरणावर बोलायचं म्हणजे उधारीच्या दुकानदाराशी वाद घालण्यासारखं आहे. हे सांगतानाच हेही सांगितलं पाहिजे की त्या धान्यानं लाखो माणसं जगली. दोन्ही खरं आहे, आणि एकानं दुसरं खोडलं जात नाही.

जाता जाता गाजर गवताबद्दल. अमेरिकेनं पी. एल. ४८०च्या गव्हातून हे मुद्दाम पाठवलं, असं गावोगाव सांगतात. आता तारखा बघा : पुण्यात हे गवत १९५५च्या सुमारास नोंदलं गेलं आणि पी. एल. ४८०चा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६चा. त्याआधी १९५१मध्येही अमेरिकन गहू कर्जानं आला होता, तेव्हा बी गव्हातून आलं असेलही. पण 'मुद्दाम' याला आधार नाही. लोकांना ती गोष्ट पटली, कारण दुसऱ्याच्या हातचं खाताना मनात जे साचतं, ते कुठेतरी उगवतंच.

नाईकांनी संकरित ज्वारीचा आग्रह धरला तो या पार्श्वभूमीवर. १९६४मध्ये सी.एस.एच.-१ हे वाण आलं. त्याची मादी वाणाची बाजू अमेरिकेतल्या टेक्सासची. म्हणजे अमेरिकेच्या दोरीतून सुटायचं बियाणंसुद्धा अर्धं अमेरिकेचंच! आपल्याकडे जुनी माणसं हायब्रीडच्या भाकरीला नावं ठेवायची, काढणीला पाऊस आला की दाणा काळा पडायचा. तरी ती पेरली गेली.

मग १९७२. महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता, रस्त्यांवर आणि तलावांवर माणसं खडी फोडत होती, रेशनला परदेशी तांबडी ज्वारी येत होती, जिला लोक मिलो म्हणत. त्याच वर्षी रशियाचंही पीक बुडालं. रशियानं काय केलं? गाजावाजा न करता आपल्या वैऱ्याच्या बाजारातून, अमेरिकेतून, तिथल्या पिकाचा जवळजवळ चौथा हिस्सा गहू उचलला. जगात गव्हाचे भाव भडकले. नेमकं तेव्हाच आपल्याला विकत घ्यायचं होतं. पुढच्या वर्षी, १९७३मध्ये, त्याच रशियानं भारताला वीस लाख टन गहू उसना दिला. आपण आभार मानले, आणि मानायलाच हवे होते. १९७१चा मैत्री करार आणि बंगालच्या उपसागरात आलेलं अमेरिकेचं 'एंटरप्राइझ' जहाज लोकांच्या डोळ्यांसमोर ताजं होतं. पण भाव चढवणारा आणि उसनं देणारा एकच होता, हे तेव्हा कमी जणांनी बोलून दाखवलं.

बाजार समितीत आज ज्वारी किती दिसते? सोयाबीन दिसतं. तेही याच काळाचं देणं. साठच्या दशकात अमेरिकन मदतीतून इलिनॉय विद्यापीठानं पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांबरोबर काम केलं, आणि तिथून सोयाबीन मध्य भारतात पसरलं. जबलपूरच्या विद्यापीठाचं जे.एस. ३३५ आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. तिकडे १९७३मध्ये निक्सन यांनी सोयाबीनची निर्यात काही काळ रोखली. जपान घाबरला आणि त्यानं ब्राझीलच्या शेतीत पैसा घातला. जानेवारी १९८०मध्ये, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्यावर, कार्टर यांनी रशियाला जाणारं एक कोटी सत्तर लाख टन धान्य अडवलं. रशियानं अर्जेंटिना आणि ब्राझीलकडून माल घेतला. अमेरिकेच्या शेतकऱ्याचं गिऱ्हाईक गेलं आणि पुढच्याच वर्षी रेगन यांनी ती बंदी उठवली. ब्राझील मात्र मागे फिरला नाही. तो आज सोयाबीनचा सगळ्यात मोठा उत्पादक आहे. तिथे पीक उदंड आलं की कारंज्याच्या आणि वाशिमच्या बाजारात भाव दबतो, आणि अडत्या शेतकऱ्याला सांगतो की वरूनच मार्केट खाली आहे.