ट्रकचं ऑईल प्रेशर का पडतं? इंजिन खोलण्याआधी काय तपासायचं?

सकाळी गाडी चालू केली की ऑईल प्रेशरचा काटा व्यवस्थित वर असतो. मग भरलेला ट्रक घाट चढतो, इंजिन तापतं, माथ्यावर चालक ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो आणि आयडलला काटा शून्याकडे झुकतो. काही गाड्यांमध्ये लाल दिवा लुकलुकायला लागतो. जरा रेस दिली की पुन्हा सगळं ठीक. जुना ट्रक चालवणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ना कधी पाहिलेलं असतं. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले आहेत: ‘जाड ऑईल टाका’, ‘सेन्सर बदला’, नाहीतर थेट ‘इंजिन बांधावं लागेल’.

एकाच गाडीवर घर चालत असेल तर यातला चुकीचा सल्ला फार महागात पडतो. नुसता सेन्सर खराब असताना इंजिन खोललं तर गाडी विनाकारण उभी राहते. आणि बेअरिंग झिजलेली असताना सेन्सर बदलून गाडी पळवली, तर काही हजारांचं काम क्रँकपर्यंत जातं.

प्रेशर येतं कुठून?

ऑईल पंप प्रेशर तयार करतो, असं आपण म्हणतो. खरं तर पंप फक्त ऑईल ढकलतो. त्या ऑईलला बाहेर पडायला वाट अरुंद असते म्हणून प्रेशर तयार होतं. पाण्याच्या पाइपचं तोंड अंगठ्याने दाबल्यावर जे होतं, तेच इथे.

ही अरुंद वाट म्हणजे क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधली फट. टाटाचं ६९७ इंजिन बघा. टेल्को आणि डाइमलर-बेन्झ यांचा करार १९५४ ते १९६९ असा १५ वर्षं चालला. त्यातून आलेल्या डिझेल इंजिनांच्या घराण्यातलं हे इंजिन १६१३ सारख्या ट्रकमधून गावोगावी पोहोचलं. त्याच्या नावातच त्याचं माप आहे: ६ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. सहा सिलिंडरच्या अशा इंजिनात सात मेन बेअरिंग आणि सहा कनेक्टिंग रॉडची बेअरिंग असतात. म्हणजे ऑईल निसटायला निदान तेरा जागा. शिवाय कॅमशाफ्टचे बुश, रॉकर शाफ्ट, टर्बो असेल तर टर्बो.

बेअरिंगमधली फट साधारण केसाच्या जाडीएवढी असते. ती दुप्पट झाली तर ऑईल दुप्पट निसटत नाही, जवळपास आठपट निसटतं. अरुंद फटीतून वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे मायक्रोमीटरवर किरकोळ दिसणारी झीज काट्यावर एवढी मोठी दिसते. त्यात ऑईल तापून पातळ झालेलं आणि आयडलला पंप सर्वांत हळू फिरत असलेला. आजार पहिल्यांदा नेमका गरम इंजिनच्या आयडलवर दिसतो, तो यामुळे.

सुरुवात ऑईलच्या पट्टीपासून

गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पट्टी काढायची. लेव्हल कमी असेल तर पंप मधूनमधून हवा ओढतो. चढावर किंवा वळणावर ऑईल एका बाजूला गेलं की काटा नाचतो, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

लेव्हल वाढलेली दिसली तर मात्र जास्त काळजीचं आहे. ऑईल आपोआप वाढत नाही. त्यात डिझेल किंवा पाणी मिसळतंय. गळणारा नोझल, झिजलेला फीड पंप किंवा डिझेल पंप यांतून डिझेल चेंबरमध्ये उतरतं. ऑईल बोटांवर घेऊन चोळलं की पातळपणा कळतो, वासही येतो. ऑईलला दुधाच्या चहासारखा रंग आला असेल तर पाणी शिरलंय. हेड गॅस्केट किंवा ऑईल कूलर तपासायला हवा. या दोन्ही बाबतींत नुसतं ऑईल बदलून प्रेशर येईल आणि थोड्या दिवसांत पुन्हा जाईल.

प्रेशर कधी पडलं, हेही विचारायला हवं. सर्व्हिसिंग झाल्या झाल्या पडलं असेल तर ऑईलचा ग्रेड आणि फिल्टर आधी बघायचे. चालता चालता एकदम पडलं असेल तर पंप, रिलीफ व्हॉल्व्ह किंवा कुठेतरी मोठी गळती. वर्ष-दोन वर्षांत हळूहळू उतरत आलं असेल तर संशय बेअरिंगवर.

काटा खरं बोलतोय का?

सेन्सर, त्याची वायर आणि डॅशबोर्डवरचा काटा या तिन्ही गोष्टी ट्रकच्या वयाच्याच असतात. म्हणून कुठलाही पान्हा लावण्याआधी एक साधी चाचणी. सेन्सर काढून त्याच जागी यांत्रिक गेज बसवायचा. बहुतेक डिझेल मिस्त्रींकडे तो असतो, विकतही महाग नाही. रीडिंग थंड इंजिनवर एकदा आणि गाडी चांगली चालवून तापवल्यावर एकदा घ्यायचं, दोन्ही वेळा आयडलला आणि दीड-दोन हजार आरपीएमला. थंड इंजिनवरच्या एका रीडिंगवर कुणी निदान सांगत असेल तर त्यावर विसंबू नये.

गॅरेजमधला ढोबळ हिशेब असा: दर १००० आरपीएमला निदान १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार. नेमका आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलमधलाच धरायचा. गेज योग्य प्रेशर दाखवत असेल तर दोष सेन्सर-वायरिंगचा. गरम आयडलला कमी पण रेस दिल्यावर पुरेसं असेल तर झीज सुरू झाली आहे. रेस देऊनही वर येत नसेल तर पंप, त्याची जाळी किंवा रिलीफ व्हॉल्व्ह. अशा वेळी इंजिन तिथेच बंद करावं. ‘गॅरेजपर्यंत नेतो’ म्हणून केलेले चार किलोमीटर क्रँकला पुरतात. गाडी ओढून नेणं स्वस्त पडतं.

चेंबर खाली घेतल्यावर

चेंबर खालून खोलता येतं, त्यासाठी इंजिन उतरवावं लागतंच असं नाही. जाळीवर गाळ किंवा जुन्या गॅस्केटचे तुकडे अडकलेले असतील तर कारण तिथेच सापडलं. रिलीफ व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकून तो उघडा राहिलाय का, हे बघायचं. काही मिस्त्री त्याच्या स्प्रिंगखाली वॉशर टाकतात. याचा झिजलेल्या इंजिनला उपयोग नाही. आयडलला प्रेशर इतकं कमी असतं की तो व्हॉल्व्ह तसाही बंदच असतो.

मग एक मेन आणि एक रॉडची कॅप उघडून बेअरिंगचे शेल पाहायचे. वरचा थर करडा असतो. तो जाऊन बऱ्याच भागात खालचा तांबूस थर दिसत असेल तर शेल संपले. क्रँकचे जर्नल गुळगुळीत आणि मापात असतील तर नवे शेल टाकून भागतं. चरे पडले असतील किंवा जर्नल अंडाकृती झाला असेल तर क्रँक उतरवून ग्राइंडिंग करायचं आणि त्या मापाचे अंडरसाइझ शेल घ्यायचे, पहिलं माप सहसा ०.२५ मिलिमीटर कमी. ऑईल पंपाची तपासणी याच वेळी करून घ्यावी. एवढं काम करून झिजलेला पंप परत बसवण्यात शहाणपणा नाही.

जाड ऑईलचं काय?

काटा वर येतो, हे खरंय. पण बेअरिंगची फट तेवढीच राहते, आणि सकाळच्या गारठ्यात तेच जाड ऑईल लांबच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचतं. जिथे कंपनीने १५डब्ल्यू-४० सांगितलंय तिथे त्याहून जाड ऑईल म्हणजे निदान पुढे ढकलणं. जुना ट्रक विकत घेणाऱ्याने तर हे लक्षात ठेवायलाच हवं. विकायच्या आधी जाड ऑईल भरून काटा वर ठेवणं सोपं असतं. गाडी तासभर चालवून, तापल्यावर आयडलचं प्रेशर बघावं आणि पट्टीवरचं ऑईल बोटांवर घ्यावं.

नवे शेल बसल्यावर इंजिन लगेच चालू करायचं नाही. स्टॉप नॉब ओढून धरून, म्हणजे डिझेल बंद ठेवून, स्टार्टर थोडा थोडा वेळ फिरवायचा. गेजवर प्रेशर दिसल्यावरच इंजिन सुरू करायचं. नाहीतर पहिले काही सेकंद नवी बेअरिंग कोरडीच फिरतात. पहिलं ऑईल आणि फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदलावेत. जुना फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उलगडून पाहाव्यात. तिथे चकाकणारे कण भरपूर दिसले, तर गाडी भाड्यावर लावण्याआधी चेंबर पुन्हा खोलावं लागेल.