दोन वर्षं पुरतील एवढे मोजे

१७८६ सालचा जुलै महिना. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल जर्मनीला गेला होता आणि इंग्लंडमधल्या स्लाऊ गावातलं घर त्याची धाकटी बहीण कॅरोलिन सांभाळत होती. त्या दिवसांतल्या तिच्या नोंदी एखाद्या गृहिणीच्या वाटाव्यात अशाच आहेत. दुर्बिणींचे पितळी भाग घासले, धूळ बसू नये म्हणून फळ्यांना पडदे लावले, कुंपण दुरुस्त करून घेतलं, सकाळ शिवणकामात गेली. त्यानंतर महिनाभरातच, १ ऑगस्टच्या रात्री, याच बाईला एक नवा धूमकेतू दिसला.

इतिहासाच्या पुस्तकांत धूमकेतूची नोंद होते, शिवणकामाची होत नाही. आम्हाला मात्र ही दोन्ही कामं एकत्र पाहावीशी वाटतात.

कॅरोलिनचा जन्म १७५० साली जर्मनीतील हॅनोव्हर इथं झाला. वडील सैन्याच्या वाद्यवृंदात वादक होते. मुलीनंही शिकावं असं त्यांना वाटे. आईचा मात्र ठाम विरोध होता. मुलगे शिकले म्हणूनच ते परदेशी गेले, अशी तिची समजूत होती. त्यामुळे कॅरोलिनच्या वाट्याला स्वयंपाकघर आणि विणकाम आलं. तिनं विणलेला पहिला मोजा इतका लांब होता, की ती उभी राहून तो पुरा करत असताना त्याचं दुसरं टोक जमिनीला टेकत होतं!

१७७२ मध्ये विल्यमनं तिला इंग्लंडला न्यायचं ठरवलं. मग घरचं काम कोण करणार? कॅरोलिननं आई आणि धाकटा भाऊ यांना निदान दोन वर्षं पुरतील एवढे मोजे आधीच विणून ठेवले. आईला मोलकरीण ठेवता यावी म्हणून विल्यमनं दरसाल ठरावीक रक्कम देण्याचं कबूल केलं. कॅरोलिनच्या घरकामाची किंमत पैशांत मोजली गेली ती अशी, ती घर सोडून निघाल्यावर.

बाथ शहरी पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी सातच्या सुमारास, न्याहारीच्या टेबलावर, विल्यमनं तिला इंग्रजी, अंकगणित आणि जमाखर्च शिकवायला सुरुवात केली. पाढे तिला कधीच पाठ झाले नाहीत. पुढे विल्यमला दुर्बिणींचा ध्यास लागला. धातूचा आरसा घासून गुळगुळीत करताना शेवटच्या टप्प्यात हात उचलता येत नसे. एकदा हे काम सलग सोळा तास चाललं. अशा वेळी कॅरोलिन त्याला घास भरवी आणि ‘डॉन किहोते’ किंवा ‘अरबी सुरस कथा’ वाचून दाखवी.

नंतरच्या काळात विल्यम रात्री दुर्बिणीतून पाहून जे सांगे, ते ती घड्याळाच्या वेळेसह टिपून घेई. दिवसा त्यावरून आकडेमोड करून स्वच्छ प्रती काढी. विल्यमच्या याद्यांतल्या अडीच हजार तेजोमेघ आणि तारकागुच्छांमागे ही मेहनत आहे. १७९७ पर्यंत तिनं स्वतः आठ धूमकेतू पाहिले. १७९८ साली तिची ताऱ्यांची यादी प्रसिद्ध झाली. फ्लॅमस्टीडच्या तारासूचीतून निसटलेले सुमारे ५६० तारे तिनं त्यात नोंदवले होते.

विणकामामुळे ती शास्त्रज्ञ झाली, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. विणकाम तिच्यावर लादलेलं होतं आणि त्यात तिची शिकण्याची वर्षं गेली. पण हर्शेलच्या वेधशाळेतलं कितीतरी काम घरकामाच्याच जातीचं होतं: रोज करायचं, नेटकं करायचं आणि कोणाच्या डोळ्यांत न भरणारं.

१७८७ मध्ये राजानं तिला सहाय्यक म्हणून वर्षाला ५० पौंड वेतन सुरू केलं. आयुष्यात मनासारखा खर्च करता येईल असा हा आपला पहिलाच पैसा, असं तिनं पुढे लिहून ठेवलं. तेव्हा ती ३७ वर्षांची होती.

वर्गात युरेनसच्या शोधाचा धडा आला, की १७८१ हे साल आणि विल्यम हर्शेलचं नाव आपण फळ्यावर लिहितो. त्या वेळी मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा: त्या दिवशी घरात स्वयंपाक कोणी केला असेल?