माशी कुणाची, दार कुणीकडे?

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, मी सातेरी माश्यांची एक पेटी ठेवली होती. सातेरी ही आपली देशी माशी. आग्यामोहळातल्या माशीसारखी ती अंगावर धावून येत नाही. डिवचल्याशिवाय सहसा डसतही नाही. पण खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार डसण्याची नव्हतीच मुळी. त्यांचे म्हणणे असे की, वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर पिवळे ठिपके पडतात. आणि ते अगदी खरे होते. मधमाशी आपल्या घरात घाण करीत नाही. ती बाहेर पडून उडता उडता मोकळी होते, आणि खाली कुणाचा सदरा वाळतो आहे हे काही बघत बसत नाही! त्यातच वरच्या मजल्यावरच्या एका मुलाला माशी चावली, गाल सुजला, आणि सभा भरली. चिटणीस म्हणाले, "मास्तर, शहरात माश्या पाळायचा नियम काय आहे तो आणा. मग बघू."

इतिहासाच्या मास्तराला नियम आणायला सांगू नये. मी जो निघालो तो थेट अथेन्सला जाऊन पोचलो.

इसवी सनापूर्वी ५९४ साली सोलन हा अथेन्सचा मुख्य अधिकारी झाला. त्याने केलेल्या कायद्यांत शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधल्या अंतराचे बारीकसारीक हिशेब आहेत. झाड लावायचे तर शेजाऱ्याच्या हद्दीपासून पाच फूट सोडून. अंजीर किंवा ऑलिव्ह असेल तर नऊ फूट. आणि मधमाश्यांची पोळी ठेवायची तर दुसऱ्याने आधी ठेवलेल्या पोळ्यांपासून तीनशे फूट लांब. हे सारे प्लूटार्कने सोलनच्या चरित्रात लिहून ठेवले आहे. गंमत पाहा, यात कुणाला माशी चावल्याचे नावच नाही. भांडण दिसते ते दोन माश्या पाळणाऱ्यांमधले. फुलांसाठी मैल-दीड मैल सहज जाणाऱ्या माशीला तीनशे फुटांचे काय? मला वाटते, सोलनला हे ठाऊक असावे. ते अंतर माश्यांसाठी नव्हतेच, ते मालकांसाठी होते.

रोमी लोकांकडे आलो आणि मी चांगलाच अडकलो, कारण तिथे मला एक शाळेचा धडा सापडला. रोममध्ये वक्तृत्वाच्या शाळेत मुलांना खोटे खोटे खटले देत आणि त्यांवर भाषणे करायला लावीत. क्विंटिलियन या थोर शिक्षकाच्या नावावर मोडणारा अशा भाषणांचा एक संग्रह आहे. (ती त्याची नसावीत असेच विद्वान मानतात.) त्यातले तेरावे भाषण एका गरिबाच्या माश्यांचे. एक श्रीमंत आणि एक गरीब, दोघांच्या बागा लागून. श्रीमंताकडे फुले, गरिबाकडे माश्या. श्रीमंत म्हणतो, तुझ्या माश्या माझी फुले लुटतात, पोळी हलव. गरीब हलवीत नाही. तेव्हा श्रीमंत आपल्याच फुलांवर विष शिंपडतो, आणि गरिबाच्या साऱ्या माश्या मरून पडतात. आता गरिबाने नुकसानीची फिर्याद केली आहे. बोला!

हा खटला मी माझ्या नववीच्या वर्गाला घातला. वाटले होते, मुले एकमुखाने गरिबाच्या बाजूने उभी राहतील. तसे झाले नाही. एक मुलगी म्हणाली, "सर, फुले त्याची, बाग त्याची, आणि त्याने आधी सांगितले होते." दुसरा म्हणाला, "पण माशीने फुलाचे नेले काय? फूल तर जागेवरच आहे." तिसऱ्याने विचारले, "माश्या गरिबाच्या कशावरून? त्यांच्यावर नाव लिहिले होते का?" तास संपल्याची घंटा झाली तरी वर्ग हलेना. मूळ भाषण गरिबाच्या तोंडचे आहे, आणि निकाल त्यात नाही. शाळेच्या खटल्याला निकाल कसला असणार? पण त्या तिसऱ्या पोराने नेमका तोच प्रश्न विचारला होता, ज्याचे उत्तर रोमी कायदेपंडितांना द्यावे लागले होते.

त्यांचे उत्तर सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या कायद्याच्या पाठ्यपुस्तकात सापडते. मधमाशी ही स्वभावतः रानटी. तुमच्या झाडावर माश्या येऊन बसल्या म्हणून त्या तुमच्या होत नाहीत. जसे झाडावर घरटे बांधलेले पाखरू तुमचे नसते. त्यांना पोळ्यात बसवाल तेव्हा त्या तुमच्या. पेटीतून थवा उडाला, तर तो तुमच्या नजरेत आहे आणि मागे जाणे अवघड नाही तोवर तुमचा. नजरेआड झाला की जो धरील त्याचा. मालकी इतकी सडपातळ असू शकते हे वाचून मला माझ्या पेटीबद्दल प्रथमच धाकधूक वाटली.

पण चिटणिसांना सम्राट नको होता, शहर हवे होते. म्हणून न्यूयॉर्क. तिथे १९९९ साली आरोग्यखात्याच्या नियमांत पाळायला बंदी असलेल्या हिंस्र प्राण्यांची यादी झाली. सिंह, अस्वले, मगरी, विषारी साप, आणि त्यांच्याच पंगतीला विषारी कीटक म्हणून मधमाशी! दंड दोन हजार डॉलरपर्यंत. लोकांनी पेट्या सोडल्या नाहीत. गच्च्यांवर चोरून ठेवल्या. २००९ साली वॉशिंग्टनला खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाच्या बागेत पेटी बसली, तेव्हाही न्यूयॉर्कमध्ये तो गुन्हाच होता. अखेर मार्च २०१० मध्ये बंदी उठली. पाळायची ती युरोपीय जातीचीच माशी. पेटीची नोंद करायची. जवळ पाण्याची सोय ठेवायची, म्हणजे ती शेजाऱ्याकडे प्यायला जात नाही. आणि पेटी अशी ठेवायची की येणाऱ्याजाणाऱ्यांना उपद्रव होऊ नये. त्याच वर्षी ब्रुकलिनमधल्या काही पेट्यांत लालभडक मध भरला. माश्या चेरी मुरवण्याच्या कारखान्यातला रंगीत पाक पिऊन येत होत्या. पेटी नियमात, मालक नियमात. माशीला कोण सांगणार?

पॅरिसने मात्र अशी घबराट केली नाही. तिथल्या लक्झेंबर्ग बागेत १८५६ पासून मधमाश्यापालनाची शाळा आहे. आणि फ्रेंच कायद्यात एक कलम आहे, ते मला या साऱ्या धुंडाळणीत सर्वांत शहाणे वाटले. पेट्या शेजारच्या जागेपासून किती लांब हव्यात ते सरकारी अधिकारी ठरवतो; पण मध्ये सलग भिंत, कुंपण किंवा दाट वई असेल, निदान दोन मीटर उंच आणि पेट्यांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर पुढे गेलेली, तर अंतराची अट नाही. कारण साधे आहे. समोर आडोसा आला की माशी दारातून निघतानाच वर चढते, आणि माणसांच्या डोक्यावरून निघून जाते.

मी सभेपुढे सोलन आणला नाही, जस्टिनियनही नाही. एवढेच म्हणालो की पेटीचे दार टाकीच्या भिंतीकडे करतो, उरलेल्या बाजूंना बांबूचे तट्टे उभे करतो, आणि पाण्याची परात ठेवतो. काकूंनी विचारले, "आणि कपडे?" त्याचे उत्तर अथेन्स ते न्यूयॉर्क कुणाकडेच नव्हते. दोरी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बांधू, असे मी म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतः बांधली. ठराव पुढच्या सभेवर गेला.

मग पावसाळा लागला. फुले नाहीत, त्यात पोळ्याला मेणकिडा लागलेला. सातेरी अशा वेळी घर टाकून जाते, हे मला माहीत होते, तरी मी दोन दिवस परगावी गेलो. परत येऊन पेटी उघडली तो पोळी रिकामी. काकू जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनीच विचारले, "कुठे गेल्या हो?" मी पाहिल्या नव्हत्या. नजरेआड झालेला थवा. जस्टिनियनच्या हिशेबाने त्या माझ्या राहिल्या नव्हत्या.

परवानगीचा ठराव पुढच्या रविवारी एकमताने झाला. त्याची सही-शिक्क्याची प्रत माझ्या टेबलाच्या खणात आहे. पेटी गच्चीवरच आहे, आतून धुऊन, ताजे मेण चोळून ठेवलेली, दार भिंतीकडे.