साल अर्धं सरल्यावर आलेला माणूस

आपल्याकडे सालगडी पाडव्याला ठरतो. पण एखादा गडी ऐन रोवणीच्या तोंडावर दारात येऊन उभा राहिला, तर धनी त्याला परत पाठवत नाही. साल मोडून महिन्यांचा हिशेब करतो आणि कामाला लावतो.

सरकारपुढेही हाच पेच असतो. दुसऱ्या देशातून माणूस वर्षाच्या मध्येच आला, तर त्याचा कर कोणत्या दिवसापासून धरायचा? आणि जिथून आला त्या देशानं त्याला कधी मोकळं समजायचं? आता आरमोरी-वडसा भागातलीही पोरं परदेशात नोकरीला जाऊ लागली आहेत. त्यांचे आईवडील हे विचारतात, म्हणून जरा मागं जाऊन लिहितो.

आधी 'वर्ष' म्हणजे काय तेच बघा. भारतात आयकर १८६० मध्ये जेम्स विल्सननं आणला. तेव्हा सरकारचं आर्थिक वर्ष १ मे ते ३० एप्रिल होतं. १ एप्रिलची सुरुवात १८६७ पासूनची. तलाठ्याचं महसुली वर्ष आजही १ ऑगस्टला सुरू होतं. व्यापारी तर दिवाळीचं वर्ष धरत आणि आयकर खातं ते चालवूनही घेई. १९८९ मध्ये सगळ्यांना एप्रिल-मार्चच्या दावणीला बांधलं. इंग्लंडचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, ही तारीख ऐकून पुष्कळांना हसू येतं. १७५२ मध्ये त्यांनी पंचांग बदलताना ११ दिवस गाळले. पण करवसुलीचं वर्ष कापायला खजिना तयार नव्हता, म्हणून २५ मार्च सरकत ५ एप्रिलवर गेला. १८०० साली आणखी एक दिवस पुढे गेला, तो आजतागायत तिथेच आहे. म्हणजे वर्षाची सुरुवात ही काही निसर्गानं घालून दिलेली गोष्ट नाही, माणसानं मारलेली खुंटी आहे. मध्येच आलेला माणूस अडतो तो या खुंटीला.

आपल्याकडे या माणसाचा नीट विचार १९३९ च्या दुरुस्तीत झाला. १९२२ च्या आयकर कायद्यात तेव्हा 'रहिवासी' कोण याच्या कसोट्या घातल्या गेल्या. रहिवासी असूनही 'सर्वसाधारण रहिवासी' नसलेला, असा एक मधला वर्गही त्याच वेळी झाला. विलायतेत मिळकत असलेल्या गोऱ्या नोकरदारांची त्यात सोय होती हे उघडच आहे. पण कायदा लिहिताना गोरा-काळा लिहावं लागत नाही. त्यामुळे पुढं तीच सोय कोणाही नवख्याला लागू झाली. इथं नवीन आलेल्या माणसाच्या मागं राहिलेल्या देशातल्या उत्पन्नावर पहिली काही वर्षं साधारणपणे आपलं सरकार कर लावत नाही. १९६१ च्या कायद्यानंही हे ठेवलं. मुख्य कसोटी १८२ दिवसांची. गंमत म्हणजे १ ऑक्टोबरला भारतात पाय ठेवला आणि तो दिवसही मोजला, तर साध्या वर्षात ३१ मार्चला बरोबर १८२ दिवस भरतात. २ ऑक्टोबरला आला तर १८१. एका दिवसानं माणूस त्या वर्षापुरता 'अनिवासी' होतो.

आता आपल्याच तालुक्यातल्या शंकरनगरकडे या. १९६४ च्या दंगलींनंतर पूर्व पाकिस्तानातून बंगाली कुटुंबांचा मोठा लोंढा आला. रायपूरजवळच्या माना कॅम्पातून ही माणसं दंडकारण्यात आणि तेव्हाच्या अखंड चांदा जिल्ह्यात पोचली. मुलचेरा, चामोर्शीकडे त्यांच्या वसाहती झाल्या, पलीकडे अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगर झालं. समजा एक माणूस फेब्रुवारी १९६४ मध्ये सीमा ओलांडून आला. आर्थिक वर्ष संपायला दोन महिने उरलेले. १८२ दिवसांच्या हिशेबानं १९६३-६४ मध्ये तो अनिवासी. पुढच्या वर्षी रहिवासी, पण 'सर्वसाधारण' नाही. हे सारं कागदावर. त्याच्या अंगावरच्या कपड्याशिवाय त्याच्याजवळ काय होतं? पुढे जमीन मिळून धान पिकवलं, तरी शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. ती सूट १८८६ च्या कायद्यापासूनची. त्याचा सरकारी खात्याशी पहिला व्यवहार झाला तो शेतसाऱ्याच्या पावतीचा.

गोठणगावजवळची तिबेटी वसाहत, नोरग्येलिंग, १९७२ ची. तिथल्या माणसाचा मामला आणखी वेगळा. हातात परकीय नागरिक म्हणून नोंदणीचं पुस्तक, आणि हिवाळ्यात स्वेटरचा धंदा. धंद्याची कमाई करपात्र मर्यादेवर गेली तर आयकर लागतोच. नवा धंदा मध्येच सुरू झाला, तर त्याचं पहिलं करवर्ष सुरू झाल्याच्या दिवसापासून ३१ मार्चपर्यंत, तेवढंच धरतात. आपल्या मोडक्या सालासारखं. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' हा घोळ काढून नुसतं 'करवर्ष' केलं आहे, पण हा नियम तसाच ठेवला आहे.

इथं एक गोष्ट ठासून सांगतो, कारण गावात यावरून फार गैरसमज आहेत. आयकर नागरिकत्व विचारत नाही, मुख्यतः दिवस मोजतो. नागरिक नाही म्हणून कर सुटत नाही आणि कर भरला म्हणून नागरिक होत नाही. गुवाहाटी उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२० मध्ये आसामच्या एका प्रकरणात सांगितलं की शेतसाऱ्याच्या पावत्या, पॅन कार्ड, बँकेची कागदपत्रं हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. आपल्याकडच्या वसाहतींतल्या म्हाताऱ्यांनी ट्रंकेत जपलेल्या पावत्या आठवा. त्यांच्या इथं जन्मलेल्या, १ जुलै १९८७ च्या आधीच्या मुलांचा प्रश्न जन्मानंच सुटतो. खुद्द आलेल्या माणसाला मात्र नोंदणीचा कागद दाखवावा लागतो. सरकारनं घेतलेला पैसा त्याच्या बाजूनं साक्ष देत नाही, हे मला तरी पटत नाही. पण कायदा तसा आहे.

आता आपल्या पोरांचं. अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. समजा आपला मुलगा २८ सप्टेंबरला नोकरीसाठी इथून निघाला आणि १ ऑक्टोबरपासून तिथं कामाला लागला. आधी कधी अमेरिकेला गेलेला नाही. भारतात त्याचे १८१ दिवस भरले, म्हणजे इथं अनिवासी. तिकडे डिसेंबरअखेर शंभर दिवसही होत नाहीत, लागतात १८३. म्हणजे त्या वर्षी तिथंही साधारणपणे अनिवासी. दोन्ही घरचा पाहुणा! पण जिथं कमावलं तिथला कर दोन्हीकडे लागतोच, आणि रिटर्नही दोन्हीकडे भरावं लागू शकतं. पगारातून कर कापला म्हणजे रिटर्नचं काम संपलं असं समजू नका. कर देणं एक, हिशेब सादर करणं दुसरं. विद्यार्थी म्हणून गेलेल्यानं एक पैसा कमावला नसला, तरी तिथं फॉर्म ८८४३ पाठवायचा असतो.

पुढच्या वर्षी तो तिथला रहिवासी झाला की खरी अडचण सुरू होते. मग अमेरिका जगभरातलं उत्पन्न विचारते. बाहेरच्या देशांतल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर ती खाती वेगळ्या फॉर्ममध्ये कळवावी लागतात. वडशाच्या बँकेत बाबांनी त्याच्या नावानं ठेवलेली एफडीसुद्धा त्यात आली. न कळवल्याचा दंड मूळ करापेक्षा कितीतरी भारी पडू शकतो. तेव्हा पोरगा निघताना त्याच्या नावावरच्या खात्यांची यादी करून द्या, आणि जुन्या-नव्या पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या, विमानाच्या तिकिटांच्या झेरॉक्स घरी ठेवा. दिवस मोजताना तेच लागतं.