संकरित आणि विद्युत मोटारगाड्यांची तुलना

संकरित मोटारगाडी अर्थात हायब्रिड कार म्हणजे अंतर्ज्वलन इंजिन व विद्युत मोटर या दोन्हींच्या साहाय्याने चालणारी मोटारगाडी होय. विद्युत मोटारगाडी केवळ बॅटरीत साठवलेल्या विजेवर चालते. तिच्यात इंजिन किंवा इंधनाची टाकी नसते. सर्वसाधारण संकरित गाडीत ऊर्जेचा मूळ स्रोत पेट्रोलच असतो. तिची बॅटरी बाहेरून चार्ज केली जात नाही. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा आणि इंजिनाने निर्माण केलेली जादा वीज तिच्यात काही काळ साठवली जाते. विद्युत गाडीची संपूर्ण ऊर्जा मात्र वीजजोडणीतून येते.

या मूलभूत फरकामुळे दोन्हींचे गुणदोष गाडीपुरते मर्यादित राहत नाहीत. दैनंदिन वापरासाठी कोणती गाडी सोयीची, हे मुख्यतः रोजचे अंतर, रात्री गाडी उभी करण्याच्या जागी असलेली चार्जिंगची सोय आणि त्या प्रदेशातील वीज कशापासून तयार होते या तीन बाबींवर ठरते.

## इतिहास

दोन्ही प्रकार मोटारगाडीच्या आरंभकाळापासून अस्तित्वात आहेत. ताशी १०० किमीचा वेग ओलांडणारी पहिली मोटारगाडी विद्युत होती. कामिय झेनात्झी या बेल्जियन चालकाने १८९९ मध्ये हा विक्रम केला. १९०० च्या सुमारास फर्डिनांड पोर्श यांनी लोनर या ऑस्ट्रियन कंपनीसाठी पेट्रोल इंजिन व विद्युत मोटर एकत्र असलेली गाडी तयार केली. पुढे फोर्ड कंपनीच्या स्वस्त मॉडेल टी गाड्या (१९०८) आणि हँडल न फिरवता इंजिन सुरू करणारा विद्युत स्टार्टर (१९१२) यांमुळे पेट्रोल गाड्यांचे वर्चस्व प्रस्थापित झाले.

डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाने जपानमध्ये प्रियस ही गाडी विक्रीस आणली. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली ती पहिली संकरित मोटारगाडी मानली जाते. टेस्लाची रोडस्टर (२००८) व निसानची लीफ (२०१०) यांनी लिथियम-आयन बॅटरीवरील विद्युत गाड्यांचा आधुनिक टप्पा सुरू केला.

भारतात बंगळूर येथील रेवा ही छोटी विद्युत गाडी २००१ मध्ये बाजारात आली. पुण्याजवळील रांजणगाव येथे तयार होणारी टाटा नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये दाखल झाली. मध्यम किमतीच्या गटात पूर्ण संकरित गाड्या २०२२ मध्ये आल्या. होंडा सिटी, मारुती सुझुकी ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर या त्यांपैकी प्रमुख होत. महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या नव्या विद्युत गाड्यांचे उत्पादन चाकण येथे होते.

## प्रकार

- सौम्य संकरित (माइल्ड हायब्रिड): मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते. गाडी निव्वळ विजेवर चालू शकत नाही. इंधनाची बचत मर्यादित असते.
- पूर्ण संकरित (स्ट्राँग हायब्रिड): कमी वेगात व थोड्या अंतरासाठी गाडी केवळ मोटरवर चालते. बाहेरून चार्जिंगची आवश्यकता नसते.
- प्लग-इन संकरित: बॅटरी मोठी असून ती वीजजोडणीवर चार्ज करता येते. अनेक किलोमीटर विजेवर चालल्यानंतर इंजिन सुरू होते. नियमित चार्ज न केल्यास ती केवळ अधिक वजनाची पेट्रोल गाडी ठरते. भारतात अशा गाड्या मोजक्या व महाग आहेत.
- पूर्ण विद्युत: इंजिन नसते, संपूर्ण ऊर्जा बॅटरीतून मिळते.

जाहिरातींत ‘हायब्रिड’ हा एकच शब्द पहिल्या तिन्ही प्रकारांसाठी वापरला जात असल्याने ग्राहकांचा गोंधळ होण्याची शक्यता असते. या लेखातील पुढील तुलना पूर्ण संकरित व पूर्ण विद्युत गाड्यांची आहे.

## कार्यपद्धती

पेट्रोल इंजिन ठरावीक वेगाला व भाराला सर्वाधिक कार्यक्षम असते. शहरातील थांबत-थांबत होणाऱ्या वाहतुकीत ती स्थिती क्वचितच लाभते. संकरित गाडीत अशा वेळी मोटर काम करते आणि इंजिन बंद राहते किंवा त्याला सोयीच्या भारावर चालवले जाते. त्यामुळे या गाड्यांची बचत शहरात ठळकपणे दिसते, तर महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना ती कमी होते.

ब्रेक लावताना मोटर जनित्राचे काम करते व गाडीच्या गतीतून वीज परत मिळवते. ही सोय दोन्ही प्रकारांत असली, तरी बॅटरीच्या आकारामुळे तिचा लाभ वेगवेगळा असतो. ग्रँड व्हिटाराच्या पूर्ण संकरित आवृत्तीतील बॅटरी सुमारे ०.७६ किलोवॅट-तासांची आहे. नेक्सॉन ईव्हीच्या पहिल्या आवृत्तीतील बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची, म्हणजे सुमारे ४० पट मोठी होती. लोणावळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरताना सुमारे ५०० मीटरांचा उतार लागतो. दीड टन वजनाच्या गाडीची या उतारावरील स्थितिज ऊर्जा साधारण २ किलोवॅट-तास भरते. त्यातील काही भाग हवेचा रोध व घर्षण यांत जातो. उरलेली ऊर्जा विद्युत गाडीची बॅटरी सहज सामावून घेते. संकरित गाडीची बॅटरी मात्र घाट संपण्याआधीच भरू शकते व त्यानंतरचा भार इंजिन आणि साध्या ब्रेकवर येतो. विद्युत गाडीची बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असल्यास तिलाही हा लाभ मिळत नाही.

## चालवण्याचा खर्च

पुढील तक्ता उदाहरणादाखल दिला आहे. त्यात पेट्रोलचा दर लिटरला १०० रुपये, घरगुती विजेचा दर युनिटला १० रुपये व जलद चार्जिंग केंद्राचा दर युनिटला २० रुपये गृहीत धरला आहे. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास होय.

| गाडीचा प्रकार | गृहीत धरलेली सरासरी | प्रति किमी खर्च |
|---|---|---|
| साधी पेट्रोल | लिटरला १५ किमी | ६.६७ रुपये |
| पूर्ण संकरित | लिटरला २० किमी | ५.०० रुपये |
| विद्युत, घरी चार्ज केलेली | युनिटला ६ किमी | १.६७ रुपये |
| विद्युत, जलद केंद्रावर चार्ज केलेली | युनिटला ६ किमी | ३.३३ रुपये |

वर्षाला १२,००० किमी वापर असल्यास घरी चार्ज होणाऱ्या विद्युत गाडीचा खर्च संकरित गाडीपेक्षा सुमारे ४०,००० रुपयांनी कमी येतो. विद्युत गाडी २ लाख रुपयांनी महाग असेल, तर हा फरक ५ वर्षांत भरून निघतो. सर्व चार्जिंग जलद केंद्रांवर करावे लागल्यास वार्षिक बचत सुमारे २०,००० रुपयांवर येते आणि तोच फरक भरून निघण्यास १० वर्षे लागतात. म्हणजेच खर्चाच्या दृष्टीने घरच्या चार्जिंगची सोय ही गाडीच्या किमतीइतकीच निर्णायक बाब आहे. प्रत्यक्ष आकडे स्थानिक दर, वाहतूक, वेग व वातानुकूलन यांनुसार बदलतात. प्रमाणन चाचणीत जाहीर होणारी सरासरी किंवा पल्ला प्रत्यक्ष वापरात सहसा कमी मिळतो.

## चार्जिंगची सोय

घरातील १५ अँपिअरच्या सॉकेटमधून साधारण ३ किलोवॅट शक्ती मिळते. त्यावर ३० किलोवॅट-तासांची रिकामी बॅटरी भरण्यास १० तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. मात्र दिवसाला ४० किमी प्रवास करणाऱ्याला रोज सुमारे ७ युनिटच लागतात व ते अडीच तासांत मिळू शकतात. स्वतःचे वाहनतळ असलेल्या कुटुंबाला त्यामुळे एरवी चार्जिंग केंद्रावर जाण्याची गरज उरत नाही.

शहरांतील अनेक वाहनधारकांची स्थिती वेगळी असते. गृहनिर्माण संस्थांमध्ये वाहनतळाची जागा ठरलेली नसणे, मीटरपासून गाडीपर्यंतचे अंतर, इमारतीचा मंजूर वीजभार आणि सामायिक विजेच्या बिलाची विभागणी हे प्रश्न उपस्थित होतात. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करणाऱ्यांना घरच्या चार्जिंगचा पर्यायच नसतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत बदल करून नव्या इमारतींमधील वाहनतळाच्या २० टक्के जागेत चार्जिंगची तरतूद सुचवली; जुन्या इमारतींचा प्रश्न मात्र संस्थेच्या पातळीवर सोडवावा लागतो. संकरित गाडीला ही अडचण येत नाही, कारण तिला पेट्रोल पंप पुरेसा असतो.

## प्रदूषण व उत्सर्जन

विद्युत गाडीतून धूर निघत नाही. त्यामुळे दाट वस्तीतील हवेच्या दृष्टीने ती श्रेयस्कर ठरते. टायर व रस्त्याच्या घर्षणातून निघणारे कण मात्र दोन्ही प्रकारांत राहतात.

कार्बन डायऑक्साइडचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. भारतातील सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशापासून निर्माण होते व एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास उत्सर्जन होते. वरील तक्त्यातील सरासरी धरल्यास साध्या पेट्रोल गाडीचे उत्सर्जन प्रति किमी सुमारे १५३ ग्रॅम, संकरित गाडीचे ११५ ग्रॅम व विद्युत गाडीचे ११७ ग्रॅम येते. या हिशेबात पेट्रोलचे शुद्धीकरण व वाहतूक, कोळशाचे खाणकाम, विजेची पारेषण-गळती आणि बॅटरीची निर्मिती यांचा समावेश नाही. तरीही सध्याच्या वीजनिर्मितीत दोन्ही प्रकारांमधील अंतर समजले जाते तितके मोठे नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

दोहोंतील फरक काळाच्या ओघात पडतो. संकरित गाडीचे प्रति किमी उत्सर्जन ती वापरात असेपर्यंत जवळपास तेच राहते. विद्युत गाडीचे उत्सर्जन सौर, पवन व जलविद्युत यांचा वाटा वाढेल तसे कमी होत जाते; घराच्या छतावरील सौरविजेवर चार्ज केल्यास ते लगेच घटते. नॉर्वेमध्ये बहुतांश वीज जलविद्युत आहे आणि २०२४ मध्ये तेथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारगाड्यांपैकी सुमारे ८९ टक्के पूर्ण विद्युत होत्या.

## बॅटरी व देखभाल

विद्युत गाडीत इंजिन तेल, क्लच व धुराची नळी नसल्याने नियमित देखभाल कमी लागते. वजन अधिक असल्याने टायर मात्र लवकर झिजू शकतात. संकरित गाडीत इंजिन व विद्युत प्रणाली या दोन्हींची काळजी घ्यावी लागते; परंतु तिची बॅटरी लहान असल्याने बदलण्याचा खर्च तुलनेने कमी असतो. भारतात अनेक उत्पादक बॅटरीवर ८ वर्षे किंवा १.६ लाख किमीची हमी देतात.

मोठ्या बॅटरीसाठी लिथियम तसेच, रासायनिक प्रकारानुसार, निकेल व कोबाल्ट लागते. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारात निकेल व कोबाल्ट वापरावे लागत नाही. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्यांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

## शासकीय धोरण

भारताच्या करप्रणालीत दोन्ही प्रकारांना अगदी भिन्न वागणूक मिळते. विद्युत गाड्यांवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला. मोठ्या संकरित गाड्यांवर २०१७ पासून उपकरासह ४३ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. लांबी ४ मीटरपर्यंत व पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असलेल्या छोट्या संकरित गाड्यांना १८ टक्के दर लागू होतो.

उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये पूर्ण संकरित व प्लग-इन गाड्यांनाही नोंदणी करात सूट दिली. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू येथे विद्युत मोटारगाड्यांना पूर्ण पथकरमाफीची तरतूद आहे. संकरित गाड्यांना ती नाही. विद्युत वाहनांना हिरवी क्रमांकपट्टी मिळते, तर संकरित गाड्यांची पट्टी साध्या पेट्रोल गाडीसारखीच असते.

संकरित गाड्यांवरील कर कमी करावा का, हा वादाचा विषय आहे. या गाड्या चार्जिंग केंद्रांची वाट न पाहता आजच इंधन वाचवतात, असे समर्थकांचे म्हणणे आहे. त्या पेट्रोलवरील अवलंबित्व संपवत नाहीत आणि सवलत विभागली गेल्यास चार्जिंगच्या सोयींमधील गुंतवणूक मंदावते, असा प्रतिवाद केला जातो.

## वापरानुसार उपयुक्तता

घरी चार्जिंगची खात्रीशीर सोय, ठरावीक दैनंदिन अंतर आणि मुख्यतः शहरातील वापर असल्यास विद्युत गाडी किफायतशीर ठरते. वार्षिक वापर जितका अधिक, तितका तिचा लाभ वाढतो. वाहनतळाची जागा निश्चित नसणे किंवा चार्जिंग केंद्रे विरळ असलेल्या भागांत वारंवार लांबचा प्रवास असणे, अशा परिस्थितीत संकरित गाडी सोयीची ठरते. वर्षाकाठी फारच कमी अंतर चालवणाऱ्यास दोन्हींची जादा किंमत इंधनबचतीतून वसूल होण्यास दीर्घ काळ लागतो.

## हे सुद्धा पहा

- अंतर्ज्वलन इंजिन
- लिथियम-आयन बॅटरी
- औष्णिक विद्युत केंद्र
- सौर ऊर्जा